विश्लेषण : पदपथावर सायकल चढली, आता पादचाऱ्याने चालायचे कुठे?

शाळा-शिकवण्या सुटण्याची वेळ. गोंदियाच्या बाजाररस्त्यावर ऑटो, दुचाकी, धानाची पोती वाहणारी छोटी मालवाहू वाहने आणि हातगाड्या यांची एकच दाटी. कॅरिअरला दप्तर अडकवलेली एक विद्यार्थिनी रस्त्याची कड सोडून पदपथावर सायकल चढवते. समोरून औषधांची पिशवी घेतलेल्या आजी येत असतात. घंटी वाजते, आजी दचकून थांबतात. धक्का लागत नाही, पण दोन शब्दांची देवाणघेवाण होतेच. ‘ही काय सायकल चालवायची जागा आहे का?’ हा प्रश्न आजींचा. ‘मग रस्त्यावर ट्रकखाली जाऊ का?’ हा प्रश्न मुलीच्या मनातला. असे प्रसंग राज्यातील लहान-मोठ्या सर्वच शहरांत रोज घडतात. यात चूक कोणाची, कायदा कोणाच्या बाजूने आणि तोडगा काय, याचा हा आढावा.

वाद नेमका काय आहे?

पदपथ हा पायी चालणाऱ्यांसाठी असतो, हे तत्त्व सर्वांना मान्य आहे. पादचाऱ्याची अपेक्षा एवढीच, की तिथे तरी मागून काही येणार नाही. ज्येष्ठ नागरिक, गर्भवती, लहान मूल हाताशी धरलेली आई, दृष्टिहीन किंवा कमी ऐकू येणारी व्यक्ती यांच्यासाठी तर ही अपेक्षा म्हणजे घराबाहेर पडण्याची अटच असते. सायकलला आवाज नसतो. ती मागून आली तर कळत नाही आणि कळते तेव्हा ती अगदी शेजारी असते. त्यामुळे प्रत्यक्ष धडक होवो वा न होवो, भीती बसते. ज्येष्ठांच्या बाबतीत धडकेपेक्षा पडणे अधिक घातक ठरते. उतारवयात खुब्याचे हाड मोडले की अनेकांचे चालणे-फिरणे कायमचे मर्यादित होते.

दुसरीकडे सायकलस्वाराचीही बाजू आहे. तो पदपथावर हौसेने चढत नाही. मुख्य रस्त्यावर ट्रक, बस आणि भरधाव दुचाकींच्या सोबत चालताना त्याच्याभोवती ना पत्रा असतो, ना इंजिनाचा वेग असतो. रस्त्याची डावी कड त्याच्यासाठी असायला हवी. तिथे वाहने उभी असतात, वाळू साचलेली असते किंवा नालीचे झाकण खचलेले असते. अशा वेळी उरलेली जागा म्हणजे पदपथ. म्हणजे हा वाद दोन बेशिस्त माणसांचा नसून, दोन असुरक्षित माणसांचा आहे.

आकडे काय सांगतात?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यात ३२ हजार ८२५ पादचारी होते. म्हणजे जवळपास प्रत्येक पाच मृतांमागे एक जण पायी चालणारा होता. त्याच वर्षी साधारण ४ हजार ८०० सायकलस्वारांनीही जीव गमावला. या मृत्यूंना बहुतांशी कारणीभूत असतात ती मोटार वाहने. सायकलच्या धक्क्याने पादचाऱ्याचा मृत्यू होण्याचे प्रसंग अपवादात्मक आहेत, मात्र दुखापती होतात आणि त्यांची नोंद फारशी होत नाही. पोलिसांपर्यंत न गेलेली, जागच्या जागी बाचाबाची होऊन मिटलेली प्रकरणे कोणत्याही अहवालात दिसत नाहीत.

याचा अर्थ सायकलची तक्रार क्षुल्लक आहे असा नाही. पण पदपथावरचा सर्वांत मोठा घुसखोर सायकल नसून मोटारसायकल आहे, हेही लक्षात ठेवायला हवे. कोंडी झाली की पदपथावरून दुचाकी दामटणे आणि दुकानासमोर ती तिथेच उभी करणे, हे दृश्य गोंदियापासून मुंबईपर्यंत सारखेच आहे.

गोंदियासारख्या जिल्ह्यात हा प्रश्न महत्त्वाचा का?

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला गोंदिया हा आठ तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख २२ हजार ५०७, तर गोंदिया शहराची १ लाख ३२ हजार ८१३. जिल्ह्यातील फक्त १७ टक्के लोक शहरी भागात राहतात. म्हणजे बाजार, रुग्णालय, महाविद्यालय, न्यायालय आणि रेल्वे स्थानक यांसाठी आजूबाजूच्या गावांतून येणाऱ्यांचा भार या एका शहरावर पडतो. हावडा-मुंबई मार्गावरील हे मोठे जंक्शन. रेल्वेमार्गाने शहर दोन भागांत विभागले आहे. रेलटोलीकडून मुख्य बाजाराकडे जायचे तर सर्वांनाच मोजक्या मार्गांवरून जावे लागते. त्यात पायी चालणारा, सायकलवाला आणि मालवाहू वाहन सगळे एकाच तोंडाशी येतात.

सायकल येथे व्यायामाचे साधन नंतर, आधी गरजेचे वाहन आहे. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल असल्याची नोंद आहे. तांदूळ गिरणीतील कामगार, बांधकामावरील मजूर, दूधवाला, वर्तमानपत्र टाकणारा मुलगा आणि भाजीविक्रेता यांचा दिवस सायकलवर सुरू होतो. त्यात भर पडली ती शाळकरी मुलींची. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी अर्थसाहाय्य मिळते. गोंदिया हा या कार्यक्रमातील जिल्हा आहे. घर ते शाळा हे अंतर मुलींच्या शिक्षणाच्या आड येऊ नये, हा त्यामागील हेतू. सरकारने सायकल दिली, पण ती चालवायची कुठे याचे उत्तर शहराच्या रस्त्याने दिले नाही. त्यामुळे पदपथावर चढलेल्या मुलीला ‘शिस्त नाही’ म्हणून मोकळे होणे सोपे असले तरी पुरेसे नाही.

कायदा काय सांगतो?

कायदा पादचाऱ्याच्या बाजूने आहे आणि तो जुना आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ (पूर्वीचा मुंबई पोलीस अधिनियम) यातील कलम १०३ नुसार पदपथावर जनावर किंवा वाहन हाकणे, चालवणे, ढकलत नेणे किंवा सोडून ठेवणे यास मनाई आहे. अपवाद फक्त एकाच चाकधारी साधनाचा, तो म्हणजे लहान मुलांची बाबागाडी. याच अधिनियमातील ‘वाहन’ या शब्दाच्या व्याख्येत सायकलचा स्पष्ट समावेश आहे. म्हणजे पदपथावर सायकल चालवणे हा दंडनीय प्रकार ठरतो. सायकल तिथे उभी करून ठेवणेही त्यात येते.

मोटार वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. मोटार वाहन (वाहन चालविणे) विनियम, २०१७ नुसार पदपथ किंवा सायकल मार्ग असलेल्या रस्त्यावर चालकाने त्या पदपथावर वा मार्गावर वाहन नेता कामा नये. गणवेशातील पोलिसाने तसे सांगितले, तरच अपवाद. मात्र साधी सायकल ही मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येत मोटार वाहन नाही. तिला नोंदणी नाही, क्रमांकपट्टी नाही, चालकाला परवाना लागत नाही. त्यामुळे ई-चलानची यंत्रणा तिला लागू पडत नाही. एकेकाळी नगरपालिका सायकलवर कर आकारून बिल्ला देत असत. रात्री दिवा नसेल किंवा डबलसीट असेल तर पोलीस अडवत. आज सत्तरीत असलेल्यांना ते दिवस आठवतील. ती पद्धत गेली आणि सायकलस्वार कायद्याच्या नजरेतून जवळपास दिसेनासा झाला. त्याच्या चुकाही दिसेनाशा झाल्या आणि त्याच्या गरजाही.

सायकलची धडक बसून दुखापत झाली तर?

सायकल मोटार वाहन नसली तरी फौजदारी कायद्यातून सूट नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतील कलम २८१ सार्वजनिक मार्गावर बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे वाहन चालवण्याबाबत आहे. ते ‘कोणत्याही वाहना’ला लागू होते. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. निष्काळजीपणामुळे दुखापत झाल्यास कलम १२५ आणि मृत्यू झाल्यास कलम १०६ लागू होऊ शकते.

खरी अडचण भरपाईची आहे. मोटार वाहनाला तृतीय पक्ष विमा सक्तीचा असतो. त्यामुळे अपघातग्रस्ताला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाता येते. सायकलला असा विमा नसतो. जखमी पादचाऱ्याला नुकसानभरपाई हवी असेल तर दिवाणी दावा हाच मार्ग उरतो. समोरची व्यक्ती मजूर किंवा अल्पवयीन विद्यार्थी असेल तर त्यातून हाती काय लागणार, हे उघड आहे. म्हणून या प्रश्नात दंडापेक्षा अपघात टाळणे अधिक मोलाचे.

सर्वोच्च न्यायालयाचे म्हणणे काय?

पदपथाबद्दलचा महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणातला आहे. ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका या खटल्यात १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात येतो, असे मान्य केले. त्याच वेळी पदपथ ही सार्वजनिक मालमत्ता असून ती चालणाऱ्यांच्या सोयीसाठी आहे, त्यावर अतिक्रमण करण्याचा हक्क कोणालाही नाही, असेही स्पष्ट केले. मात्र हटवण्यापूर्वी नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, हा त्या निकालाचा गाभा होता.

अलीकडे कोइम्बतूरचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एस. राजसीकरन यांच्या रस्ता सुरक्षेबाबतच्या जनहित याचिकेत दोन महत्त्वाचे आदेश झाले. १४ मे २०२५ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने चालण्यायोग्य, अतिक्रमणमुक्त पदपथाचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. पदपथ दिव्यांगांनाही वापरता यायला हवेत, असे बजावून राज्यांना मार्गदर्शक तत्त्वे सादर करण्यास सांगितले. त्यानंतर ७ ऑक्टोबर २०२५ रोजी न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने राज्यांना सहा महिन्यांत नियम करण्याचे निर्देश दिले.

यातील कलम १३८ (१अ) सायकलस्वारांसाठी कळीचे आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या या तरतुदीनुसार इंजिन नसलेली वाहने आणि पादचारी यांच्या सार्वजनिक जागांवरील वावराबाबत राज्य सरकार नियम करू शकते. कलम २१० (ड) रस्त्यांच्या रचनेची मानके ठरवण्याचा अधिकार राज्याला देते. म्हणजे सायकल कुठून जावी आणि तिच्यासाठी रस्ता कसा बांधावा, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच वेळी लिहिण्याची ही संधी आहे.

पदपथ किती रुंद असायला हवा?

भारतीय रस्ते परिषदेच्या (इंडियन रोड काँग्रेस) पादचारी सुविधांविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी. दुकानांच्या रांगा असलेल्या व्यापारी भागात ती किमान २.५ मीटर असावी. उंची १५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण सहा इंचांपेक्षा जास्त नसावी. १.८ मीटर ही रुंदी उगाच ठरलेली नाही. समोरासमोर आलेल्या दोन चाकाच्या खुर्च्या एकमेकींना ओलांडून जाऊ शकतील, एवढी ती जागा आहे.

‘मोकळी’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. छोट्या शहरांत पदपथ म्हणजे बहुधा नालीवर टाकलेला स्लॅब किंवा रस्त्याकडेला बसवलेले गट्टू. त्यात विजेचा खांब, रोहित्र, दुकानाच्या पायऱ्या, बाहेर मांडलेला माल, फलक आणि पानठेला यांची जागा वजा केली की जेमतेम मीटरभर वाट उरते. चालणाऱ्या माणसाला सुमारे पाऊण मीटर जागा लागते. सायकलचे हँडल साधारण ६० सेंटीमीटर रुंद, पण हळू चालवताना ती डुलते, म्हणून तिला मीटरभर जागा हवी. दोन्ही एकत्र मावतच नाहीत. मग कोणीतरी एकाने रस्त्यावर उतरायचे, हे ठरलेले. बहुतेक वेळा उतरतो तो पादचारी.

वेगाचा फरक किती?

माणूस ताशी चार ते पाच किलोमीटर वेगाने चालतो. सायकल सहज ताशी १५ किलोमीटरने जाते, म्हणजे एका सेकंदात चार मीटरहून अधिक. समोर कोणी आले हे लक्षात येऊन ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. त्यानंतर सायकल थांबायला आणखी सुमारे तीन मीटर लागतात. एकूण सात मीटर. दुकानातून बाहेर पाऊल टाकणारी व्यक्ती सायकलसमोर दोन-तीन मीटरवर येते. तेव्हा ब्रेक कितीही चांगले असले तरी धडक टळत नाही. वेग निम्मा केला, तर हेच अंतर तीन मीटरच्या आत येते आणि धडकेचा जोर एक चतुर्थांश होतो.

पदपथ सायकलस्वारासाठीही वाटतो तितका सुरक्षित नाही. गल्लीच्या तोंडाशी, पेट्रोल पंपावर किंवा इमारतीच्या फाटकाशी वळणारा चालक पदपथाकडे चालत्या माणसाच्या वेगाच्या अंदाजाने पाहतो. तिप्पट वेगाने येणारी सायकल त्याच्या हिशेबातच नसते. पदपथ संपतो तिथे अचानक रस्त्यावर उतरणारी सायकल तर मागून येणाऱ्या वाहनाला शेवटच्या क्षणी दिसते.

ई-सायकलमुळे प्रश्न वाढेल का?

शक्यता आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असलेले, ठरावीक अटी पूर्ण करणारे विजेवरील वाहन मोटार वाहन मानले जात नाही. त्यामुळे त्याला नोंदणी आणि परवान्याची गरज नसते. साध्या सायकलपेक्षा ते जड असते आणि दम न लागता सलग वेगाने जाते. पदपथावर असे वाहन चढले तर धोका अधिक. पोलीस अधिनियमातील पदपथाची मनाई मात्र यालाही लागू होते. परवाना लागत नाही याचा अर्थ पदपथावर मुभा आहे, असा नाही.

स्वतंत्र सायकल मार्ग हा उपाय ठरला का?

राज्यातील अनुभव संमिश्र आहे. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्यात अनेक रस्त्यांवर सायकल मार्ग बांधले गेले आणि २०१७ मध्ये महापालिकेने स्वतंत्र सायकल आराखडाही मंजूर केला. मात्र बरेच मार्ग पदपथाच्याच पातळीवर, वेगळ्या रंगाचे गट्टू टाकून केलेले आहेत. मध्येच बसथांबा, झाड, खांब किंवा उभी वाहने येतात. मार्ग तुटला की सायकलस्वार पदपथावर येतो आणि पदपथ अडला की पादचारी सायकल मार्गावर येतो. वाद तिथेही सुटलेला नाही. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात गाजावाजा करून केलेला सायकल मार्ग फारसा वापरातच आला नाही आणि पुढे वाहनांसाठी रस्ता रुंद करताना तोच आड येऊ लागला. यातून मिळालेला धडा सरळ आहे. सायकल मार्ग सलग हवा, रस्त्यापासून अडसराने वेगळा केलेला हवा आणि पदपथातून कापून काढलेला नको.

पदपथाच्या तोंडाशी खांब रोवण्याचा उपायही अपुरा आहे. दोन खांबांत चाकाची खुर्ची जाण्यासाठी किमान ९० सेंटीमीटर जागा ठेवावी लागते. तेवढ्या जागेतून सायकल सहज जाते आणि सरावलेला दुचाकीस्वारही निघतो. अंतर कमी केले तर दिव्यांग व्यक्तीच अडकते.

इतर देशांनी काय केले?

ब्रिटनमध्ये पदपथावर सायकल चालवण्यास मनाई करणारी तरतूद १८३५ च्या महामार्ग कायद्यातली आहे. १८८८ मध्ये सायकलला ‘वाहन’ ठरवल्यावर ती सायकलींनाही लागू झाली. तेथे १९९९ मध्ये जागीच दंडाची पद्धत आली. तेव्हा सरकारने पोलिसांना एक सूचना दिली. रहदारीच्या भीतीने पदपथावर आलेला, पण इतरांचे भान ठेवून चालवणारा सायकलस्वार हे या दंडाचे लक्ष्य नाही, त्यामुळे तारतम्य बाळगावे, अशी ती सूचना होती.

जर्मनीत वयाचा निकष आहे. आठ वर्षांखालील मुलांनी सायकल पदपथावरूनच चालवावी आणि दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना तशी मुभा असावी, असा तेथील नियम आहे. लहान मुलासोबत एका मोठ्या व्यक्तीलाही पदपथावर सायकल चालवता येते. जपानने वाढत्या अपघातांमुळे १९७० च्या दशकात ठरावीक पदपथ सायकलींना खुले केले. सवय लागली आणि पुढे पादचाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या. आता तेथे सायकल हे मुळात रस्त्यावरचे वाहन, ही भूमिका पुन्हा ठळक केली आहे. १३ वर्षांखालील मुले, ७० वर्षांवरील ज्येष्ठ आणि दिव्यांग यांना सूट आहे. इतरांना खुणेचा फलक असेल तिथेच किंवा रस्ता धोक्याचा असेल तेव्हाच परवानगी आहे. तीही चालण्याच्या वेगाच्या जवळपास आणि पादचाऱ्याला आधी वाट देण्याच्या अटीवर. एकदा पदपथ खुला केला की तो परत मिळवायला किती दशके लागतात, हे जपानच्या उदाहरणातून दिसते.

छोट्या शहरात कमी खर्चात काय करता येईल?

गोंदियासारख्या शहरात प्रत्येक रस्त्यावर वेगळा सायकल मार्ग शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. पहिले काम रस्त्याची डावी कड मोकळी करण्याचे. बाजारात सम-विषम तारखेनुसार एकाच बाजूला वाहने उभी करणे, मालाची चढ-उतार ठरावीक वेळेत करणे आणि नालीची झाकणे समपातळीत बसवणे एवढ्यानेही सायकलला मीटरभर जागा मिळते. दुसरे, शाळा-महाविद्यालयांच्या परिसरात भरण्याच्या व सुटण्याच्या वेळी अवजड वाहनांना बंदी आणि वेगमर्यादा. ज्या रस्त्यावर वाहनांचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या खाली असतो, तिथे सायकलला पदपथावर चढण्याचे कारणच उरत नाही.

तिसरे, विक्रेत्यांचा प्रश्न. पथविक्रेता कायदा, २०१४ नुसार विक्रेत्यांचे सर्वेक्षण, नगर पथविक्रेता समिती आणि विक्री क्षेत्रे ठरवणे अपेक्षित आहे. हे न करता अतिक्रमण हटाव मोहीम राबवली, तर चार दिवसांत ठेले परत येतात. त्यांना ठरलेली जागा मिळाली तर पदपथही मोकळा राहतो. चौथे, पदपथ इतका सलग आणि समतल हवा की पादचाऱ्याला त्यावर चालावेसे वाटेल. रिकामा, तुटका पदपथ हा इतर वाहनांना आमंत्रणच ठरतो.

जबाबदारी कोणाची?

शहरांतर्गत रस्ते व पदपथ नगर परिषदेकडे, राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, राष्ट्रीय महामार्ग त्या यंत्रणेकडे आणि वाहतुकीचे नियमन पोलिसांच्या वाहतूक शाखेकडे असते. एकाच चौकात चार यंत्रणा आल्या की तक्रार कोणाकडे करायची, हेच कळत नाही. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते आणि या सर्व यंत्रणा तिथे एकत्र बसतात. नागरिकांना नगर परिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करता येते किंवा ‘आपले सरकार’ पोर्टलवर ती नोंदवता येते. तक्रारीत जागा, वेळ आणि छायाचित्र असेल तर ती टोलवणे कठीण जाते. ‘सायकलवाल्यांना आवरा’ या तक्रारीपेक्षा ‘या शंभर मीटरमध्ये कड अडली आहे, म्हणून सायकली पदपथावर येतात’ ही तक्रार अधिक उपयोगी ठरते.

तोवर काय करावे?

नियम साधे आहेत. पदपथावर यावेच लागले तर सायकलवरून उतरून ती हाताने न्यावी. पोलीस अधिनियमाच्या काटेकोर भाषेत ढकलत नेणेही बसत नाही, पण व्यवहारात तेवढ्याने धोका जवळपास संपतो. पादचाऱ्याला हटवण्यासाठी घंटी वाजवू नये. मागून येत असल्याची सूचना द्यावी, वेग कमी करावा आणि वाट मिळाली नाही तर थांबावे. संध्याकाळनंतर पुढे दिवा आणि मागे लाल परावर्तक हवा. पालकांनी मुलांना सायकल देताना ब्रेक आणि घंटीसोबत एवढे शिकवले, तरी निम्मे वाद टळतील. पादचाऱ्यांनीही सायकल मार्ग असलेल्या ठिकाणी त्यावर रेंगाळू नये आणि पदपथावरून रस्त्यावर उतरताना मागे पाहावे.

औषधांची पिशवी घेतलेल्या आजी आणि दप्तर अडकवलेली ती विद्यार्थिनी, दोघींनाही घरी सुखरूप पोहोचायचे आहे. त्या एकमेकींसमोर आल्या, कारण शहराने दोघींसाठी मिळून एका मीटरची वाट ठेवली. न्यायालयाने चालण्याचा हक्क मान्य केला आहे आणि सरकारने मुलीच्या हाती सायकल दिली आहे. आता राज्याचे नियम आणि नगर परिषदेची कामे यांतून दोघींना आपापली जागा मिळते का, यावर या वादाचा शेवट अवलंबून आहे.